ईलाय मॅनिंग आणि २०११ चं वर्ष

२०११ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, एका रेडिओ कार्यक्रमात अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यूयॉर्क जायंट्स संघाच्या ईलाय मॅनिंगला सरळच विचारलं गेलं की तू स्वतःला एलिट, म्हणजे अगदी अव्वल दर्जाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) समजतोस का, नामांकित क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या पंगतीतला? ईलाय तसा मितभाषी माणूस. त्याने आढेवेढे न घेता सांगितलं की हो, मी स्वतःला त्याच वर्गात धरतो. झालं. त्या एका वाक्यावर देशभरातले क्रीडा समालोचक तुटून पडले.

त्यांच्या हातात कोलीतही होतं. आदल्याच हंगामात ईलायने २५ इंटरसेप्शन दिली होती, म्हणजे त्याने फेकलेला चेंडू २५ वेळा प्रतिस्पर्ध्याने झेलला होता. त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये इतकी कोणीच दिली नव्हती. आणि ब्रेडीने? त्याच हंगामात फक्त ४. या दोघांना एका पंगतीत कसं बसवायचं, असं कोणीही म्हणेल.

मी न्यू जर्सीत राहते. जायंट्सच्या नावात न्यूयॉर्क असलं तरी त्यांचं स्टेडियम इकडे ईस्ट रदरफर्डला आहे, त्यामुळे हा संघ आम्ही आमचाच मानतो. माझे मोठे भावोजी बॉस्टनजवळ असतात आणि ते पेट्रियट्सचे, म्हणजे ब्रेडीच्या संघाचे कट्टर. ईलाय एलिट होता की नव्हता हा वाद आमच्या घरात दर थँक्सगिव्हिंगला जेवणाच्या टेबलावर येतो आणि पोळ्या गार होईपर्यंत चालतो. मला हा वाद मनापासून आवडतो. कारण त्यात खरा प्रश्न असा आहे की एखाद्या माणसाचं मोठेपण मोजायचं कशाने, त्याच्या सरासरीने की त्याने गाठलेल्या उंचीने?

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. सरकले तर पुन्हा चार. जवळपास प्रत्येक संधीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत येत असतात आणि त्याच्याकडे असतात जेमतेम अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात चार-पाच जोडीदारांपैकी कोण मोकळा आहे ते पाहायचं, किंवा खरं तर कोण मोकळा होणार आहे ते ओळखायचं आणि चेंडू फेकायचा. जगातल्या कुठल्याही सांघिक खेळात एका माणसावर इतका भार क्वचितच असेल. म्हणून तर संघ जिंकला की श्रेय त्याचं आणि हरला की खापरही त्याच्याच डोक्यावर.

हा भार मोजायला १९७३ पासून पासर रेटिंग नावाचं एक माप वापरलं जातं. किती टक्के फेकी झेलल्या गेल्या, फेकीमागे किती यार्ड मिळाले, किती टचडाउन (म्हणजे चेंडू मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोचवून गुण मिळवणं), किती इंटरसेप्शन, या चार गोष्टींवरून ते काढतात. जास्तीत जास्त येऊ शकतं १५८.३. माप उपयोगी आहे, पण त्याला बरंच काही दिसत नाही. अगदी हातात दिलेला चेंडू जोडीदाराच्या पंजावरून उडाला आणि भलत्याने झेलला, तरी इंटरसेप्शन क्वार्टरबॅकच्या नावावर. त्याला वाचवायला पुढे उभे असलेले राखणदार कोलमडले आणि त्याला उचलून आपटलं, तर ते मात्र यात मोजलंच जात नाही.

ईलायचं कारकिर्दीचं रेटिंग ८४.१. भावोजींचा हुकमी पत्ता हाच. सोबत बाकीची मालिकाही त्यांना तोंडपाठ आहे: ५७,०२३ यार्ड, ३६६ टचडाउन आणि २४४ इंटरसेप्शन. तीन वेगवेगळ्या वर्षी इंटरसेप्शनमध्ये लीगमध्ये सर्वांत वर. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब एकदाही नाही आणि ऑल-प्रो, म्हणजे वर्षातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात निवडही एकदाही नाही. साखळी सामन्यांत क्वार्टरबॅक म्हणून ११७ विजय आणि ११७ पराभव. "वहिनी, याहून मधला माणूस दाखवा," असं ते म्हणतात, आणि आकड्यांपुरतं मला ते मान्यच करावं लागतं.

एकदा मी लक्ष्मणचं उदाहरण दिलं. व्हीव्हीएस लक्ष्मणची कसोटीतली सरासरी तेंडुलकर-द्रविडच्या बरीच खाली, पण २००१ च्या कोलकात्यातल्या २८१ धावा विसरून त्याला कोण मोजतं? भावोजी लगेच म्हणाले, "लक्ष्मणची सरासरी ४५.९७ आहे. ती मधली नाही, चांगलीच वरची आहे. तुमच्या ईलायचं तसं नाही." बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून मी क्रिकेटचा आधार घेणं सोडलं आणि ईलायची बाजू त्याच्याच खेळातून मांडायची ठरवली.

त्याची बाजू घेणारे बहुतेक लोक २००८ च्या फेब्रुवारीतल्या सुपर बोलपासून, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापासून सुरुवात करतात. सलग १८ सामने जिंकून आलेले पेट्रियट्स, हंगामभर अजिंक्य. सामना संपायला सव्वा मिनिट उरलेलं. ईलायची जर्सी दोन धिप्पाड माणसांच्या मुठीत, तो कसाबसा सुटतो आणि चेंडू उंच फेकतो. अख्ख्या साखळी हंगामात अवघे ४ झेल घेतलेला डेव्हिड टायरी तो एका हाताने हेल्मेटवर दाबून धरतो. ३२ यार्ड. थोड्याच वेळात प्लॅक्सिको बरेसला टचडाउन आणि १७-१४ असा विजय. अमेरिकेत हा झेल लहान पोरांनाही माहीत आहे.

पण एलिटपणाचा पुरावा म्हणून मी तो कधीच मांडत नाही. कारण त्याच्या अगदी आदल्या फेकीवर पेट्रियट्सच्या असांते सॅम्युएलच्या हातांतून चेंडू निसटला होता. त्याने उडी मारली, बोटं लागली आणि चेंडू पुढे गेला. तो झेल बसला असता तर सामना तिथेच संपला असता आणि टायरीचं नावही कोणाच्या लक्षात राहिलं नसतं. शिवाय त्या रात्री खरा पराक्रम जायंट्सच्या बचावफळीचा होता. मायकल स्ट्रेहॅन, जस्टिन टक, ओसी उमेन्योरा आणि मंडळींनी ब्रेडीला पाच वेळा लोळवलं आणि त्या वर्षीच्या सर्वांत घातक आक्रमणाला १४ गुणांवर रोखलं. ईलाय धीराने खेळला हे खरंच, त्याआधी ग्रीन बेला उणे १८ अंश सेल्सिअस थंडीतही धीराने खेळला होता. पण धीर असणं वेगळं आणि एलिट असणं वेगळं.

त्याची खरी बाजू २०११ ची आहे. ज्या वर्षी तो ते वाक्य बोलला आणि लोक हसले, तेच वर्ष.

त्या वर्षीचे जायंट्स हा काही बलाढ्य संघ नव्हता. चेंडू हातात घेऊन धावत पुढे जाण्यात, म्हणजे रनिंगमध्ये, ते ३२ संघांत शेवटचे. बचावही सुमार. साखळीत त्यांनी ३९४ गुण केले आणि ४०० दिले. स्वतः केलेल्या गुणांपेक्षा जास्त गुण दिलेला एकही संघ त्याआधी सुपर बोल जिंकला नव्हता. ९ विजय, ७ पराभव. वॉशिंग्टनच्या सामान्य संघाकडून दोन्ही सामने गमावले, त्यातल्या डिसेंबरच्या सामन्यात ईलायने ३ इंटरसेप्शन दिली. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण या संघाला जे काही ९ विजय मिळाले ते आले कुठून? धावणं नाही, बचाव नाही. उरला एकच माणूस. ईलायने त्या वर्षी ४,९३३ यार्ड फेकले आणि त्यातही चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्रात १५ टचडाउन दिले. एका हंगामात शेवटच्या सत्रात इतके टचडाउन तोवर कोणीच दिले नव्हते. नोव्हेंबरमध्ये पेट्रियट्सच्या घरी जाऊन शेवटचे १५ सेकंद राहिलेले असताना जेक बॅलर्डला विजयी टचडाउन. डिसेंबरमध्ये डॅलसमध्ये सहा मिनिटांहून कमी वेळ उरला असताना संघ ३४-२२ असा मागे, आणि निकाल ३७-३४ असा जायंट्सच्या बाजूने. दर आठवड्याला संघ खड्ड्यात जायचा आणि दर आठवड्याला त्याला वर काढायचं काम एकाच माणसाकडे यायचं. त्याच्या फेकी झेलणाऱ्या व्हिक्टर क्रूझला तर कुठल्याच संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडलं नव्हतं. त्याने त्या वर्षी १,५३६ यार्डांचे झेल घेतले.

इथे जायंट्सच्या खेळपद्धतीबद्दल सांगायलाच हवं, कारण ती इंटरसेप्शन आणि ते टचडाउन दोन्ही तिच्यातूनच आले. आक्रमणाचा प्रशिक्षक होता केव्हिन गिलब्राइड. त्याच्या पद्धतीत जोडीदाराची धावायची वाट अनेकदा आधी पक्की ठरलेली नसे. पळता पळता समोरच्या बचावाची मांडणी पाहायची आणि आत वळायचं की बाहेर, थांबायचं की तसंच सुटायचं हे त्या क्षणी ठरवायचं. आणि क्वार्टरबॅकनेही त्याच क्षणी अगदी तेच ओळखायचं, कारण जोडीदार वळायच्या आत चेंडू हातातून सुटावा लागतो. दोघांना एकच दिसलं तर बचाव करणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. एकाला आत दिसलं आणि दुसऱ्याला बाहेर, तर चेंडू रिकाम्या जागेकडे जातो आणि तिथे नेमका विरुद्ध संघाचा माणूस असतो. २०१० च्या त्या २५ पैकी काही अशी, काही आपल्याच माणसांच्या हातावरून उडालेली आणि काही निव्वळ ईलायच्या हट्टाची, जिथे फेकायला नको होतं तिथे फेकलेली. तीही होतीच.

मात्र चुकीची फेक गेल्यावर ईलाय काय करायचा हे टीव्हीवर पाहण्यासारखं असे. खांदे थोडे पाडून बाजूला यायचा, पाणी प्यायचा, बाकावर बसून आधीच्या चालींचे छापील फोटो चाळायचा. चिडणं नाही, हात झटकणं नाही, जोडीदाराकडे रागाने बघणं नाही. न्यूयॉर्कमधल्या लोकांना त्याच्या या निर्विकारपणाचा फार राग यायचा. याला काही वाटतं की नाही, असं म्हणायचे. मला वाटतं, त्याचं सगळं बळ तिथेच होतं. मागच्या फेकीचा कसलाही डाग पुढच्या फेकीवर पडू न देणं. ज्याला चुकीची धास्ती बसते तो पुढची फेक आखडून टाकतो, दहा यार्डांऐवजी चार यार्डांवर समाधान मानतो. त्याचं रेटिंग सुधारतं आणि संघ हरतो. ईलायने आखडून फेकणं कधी शिकलंच नाही. त्याच्या २४४ चुका आणि त्याच्या सगळ्यात मोठ्या फेकी एकाच स्वभावातून आल्या, आणि भावोजींना मी दरवेळी हेच सांगते की त्यातलं एक ठेवून दुसरं काढता येत नाही.

मग २२ जानेवारी २०१२, सॅन फ्रान्सिस्को. माझ्यासाठी हा त्याचा सर्वांत मोठा सामना, दोन्ही सुपर बोलपेक्षाही. जिंकणारा सुपर बोलला जाणार. कॅन्डलस्टिक पार्कवर पाऊस, मैदान निसरडं, चेंडू ओला. समोर सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्स संघाचा बचाव, त्या वर्षीच्या उत्तम बचावांपैकी एक. जायंट्सचे राखणदार पार मोडून पडले होते. ईलायला सहा वेळा चेंडूसकट खाली पाडलं, आणि फेक झाल्यावर मार बसला तो वेगळाच. एकदा तर तो उठला तेव्हा हेल्मेट तिरकं झालेलं, चेहऱ्यावर चिखल. त्याने हेल्मेट सरळ केलं आणि पुढची चाल सांगायला गेला. असं त्याने त्या संध्याकाळी ५८ वेळा चेंडू फेकला. ३२ झेलले गेले, ३१६ यार्ड, २ टचडाउन.

आणि इंटरसेप्शन शून्य.

ज्या माणसाला बेफिकीर म्हणून हिणवलं, त्याने पावसात, मार खात, ५८ फेकींत एकही चेंडू शत्रूच्या हाती दिला नाही. जादा वेळेत जायंट्स २०-१७ जिंकले. सॅन फ्रान्सिस्कोच्या काइल विल्यम्सने दोनदा चेंडू गमावला म्हणून ते जिंकले, हा भावोजींचा मुद्दा खोटा नाही. नशीब होतंच. पण नशीब उघडेपर्यंत संघाला उभं कोणी ठेवलं?

त्या वर्षीच्या बादफेरीतल्या चार सामन्यांत मिळून त्याने १,२१९ यार्ड फेकले, ९ टचडाउन दिले आणि इंटरसेप्शन फक्त १. तोवर एका बादफेरीत इतके यार्ड कोणीही फेकले नव्हते.

सुपर बोल इंडियानापोलिसला होता, समोर पुन्हा पेट्रियट्स. ते १७-१५ असे पुढे, ३ मिनिटं ४६ सेकंद बाकी, चेंडू जायंट्सच्या स्वतःच्या १२ यार्डांवर. म्हणजे ८८ यार्ड मैदान समोर पडलेलं. त्याआधी बाजूला उभे असलेले पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक आपल्या बचावाला सांगत होते की क्रूझ आणि निक्स या झेल घेणाऱ्या दोघांना बांधा आणि जायंट्सना मॅनिंगहॅमकडे फेकायला भाग पाडा. ते मायक्रोफोनमध्ये टिपलं गेलंय. सल्ला अगदी योग्य होता. मारियो मॅनिंगहॅम त्या तिघांतला तिसरा. त्याच सामन्यात तो आधी अशाच एका फेकीवर रेषेच्या फार जवळ सरकून बाहेर गेला होता.

पहिल्याच चालीला ईलायने उजवीकडे पाहिलं. तिथे सगळं बंद. मग तो डावीकडे वळला. मॅनिंगहॅम सीमारेषेला लागून धावत होता, एक बचावपटू त्याच्या पाठीला, दुसरा मैदानाच्या मधून त्याच्याकडे झेपावत. चेंडू उतरायला जागा होती ती दोघांच्या मध्ये आणि रेषेच्या आत, माणसाच्या दोन हातांएवढी. आधी चुकलेल्याच माणसाकडे, तशाच फेकीला त्याने पुन्हा हात घातला. चाळीसेक यार्डांवरून चेंडू मॅनिंगहॅमच्या खांद्यावरून पंजात उतरला आणि दोन्ही पाय रेषेच्या आत टेकवून तो बाहेर पडला. ३८ यार्ड. बेलिचिकने दाद मागितली, पंचांनी झेल कायम ठेवला आणि पेट्रियट्सचा एक टाइमआउटही गेला. ५७ सेकंद राहिले असताना टचडाउन, निकाल २१-१७, आणि ईलाय दुसऱ्यांदा सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू.

टायरीचा झेल आणि हा झेल यांतला फरक मला फार मोलाचा वाटतो. तिथे फेकणाऱ्याला पुढे काय होईल ते माहीत नव्हतं. इथे त्याने आधी एक दार बंद आहे हे ओळखलं, दुसरं पाहिलं आणि जिथे चेंडू जायला हवा होता नेमका तिथेच टाकला. ही फेक त्या वर्षी ब्रेडी, ब्रीझ, रॉजर्स या नावाजलेल्या क्वार्टरबॅकपैकी कोणीही केली असती तर लोकांनी एलिट शब्द वापरायला क्षणभरही वेळ घेतला नसता.

म्हणून माझं उत्तर असं की २०११ च्या सप्टेंबरपासून २०१२ च्या फेब्रुवारीपर्यंत ईलाय मॅनिंग एलिट होता, पूर्ण अर्थाने. त्याआधीची बहुतेक वर्षं नव्हता आणि नंतर तर नक्कीच नव्हता. २०१३ मध्ये २७ इंटरसेप्शन, मोसमाची सुरुवात सलग सहा पराभवांनी. पुढे राखणदार खिळखिळे झाले, प्रशिक्षक बदलले, आणि २०१२ पासून निवृत्तीपर्यंत एकदाच बादफेरी, तीही पहिल्याच सामन्यात संपली. हे सगळं मान्य करूनही २०११ खोडता येत नाही.

आणि हे मान्य केलं की २००४ चा ड्राफ्टही वेगळा दिसायला लागतो. ईलायला सॅन डिएगोने पहिल्या क्रमांकावर निवडलं, तो त्यांच्याकडे खेळायला तयार नव्हता, आणि त्याच दिवशी अदलाबदल होऊन तो जायंट्सकडे आणि दुसरा क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्स सॅन डिएगोला गेला. रिव्हर्सची २०२० च्या हंगामाअखेरची कारकीर्द पाहा: ६३,४४० यार्ड, ४२१ टचडाउन, रेटिंग ९५.२. प्रत्येक रकान्यात ईलायपेक्षा सरस, आणि सुपर बोल एकही नाही, तिथवर पोचणंही नाही. मी रिव्हर्सला कमी लेखत नाही. वर्षानुवर्षांच्या हिशेबात तोच जास्त चांगला क्वार्टरबॅक होता हे मी भावोजींसमोर कबूल केलेलं आहे. पण २०११ सारखं वर्ष त्याच्या वाट्याला आलं नाही.

ईलाय स्वतः आकड्यांकडे कसा बघायचा याची एक गोष्ट आहे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर तो सलग २१० साखळी सामने सुरुवातीपासून खेळलेला होता. प्रशिक्षकांनी त्याला बसवायचं ठरवलं, पण सवलत दिली की तू सुरुवात कर म्हणजे मालिका टिकेल, मध्यंतरानंतर दुसऱ्याला उतरवू. त्याने ती नाकारली. पूर्ण खेळायला मिळणार नाही हे माहीत असताना केवळ मालिकेसाठी उतरायचं, हे त्याला पटलं नाही. तो सामना जायंट्स हरले आणि दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर दोघांनाही काढून टाकलं. त्या आठवड्यात, त्याच्यावर वर्षानुवर्षं चिडलेली आमच्या भागातली माणसंसुद्धा त्याच्या बाजूने उभी राहिली.

२०२५ मध्ये तो हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीसाठी, पहिल्यांदा पात्र ठरला. निवड समितीत ऐंशी टक्के मतं लागतात. ती मिळाली नाहीत. थोरला भाऊ पेटन तिथे २०२१ मध्येच पोचला, पाच वेळा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, त्याच्याबद्दल वाद कधी नव्हताच. ईलायबद्दल तिथेही तोच वाद चालू आहे आणि दोन्ही बाजू दोन अंगठ्या (सुपर बोल जिंकणाऱ्याला मिळतात त्या) आणि ११७-११७ हेच एकमेकांच्या तोंडावर फेकत राहतात. यंदा भावोजी इकडे यायचे आहेत. त्यांना मी अंगठ्यांबद्दल बोलूच देणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा तो सामना पहिल्या चालीपासून लावणार आहे, सगळ्या ५८ फेकी, आणि प्रत्येक फेकीनंतर विचारणार आहे की यातली कुठली फेक मधल्या माणसाची आहे ते दाखवा.